रस्ता ओलांडायला किती सेकंद?

संध्याकाळी साडेसहाची वेळ. पुण्यातला कोणताही मोठा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कर्वे रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता, कोणताही. पदपथाच्या कडेला सत्तरी ओलांडलेल्या एक आजी कापडी पिशवी घेऊन उभ्या आहेत. औषधाचे दुकान समोरच्या बाजूला आहे. सिग्नलवर हिरवा माणूस दिसू लागतो आणि आजी रस्त्यावर पाऊल टाकतात. दुभाजकाच्या पुढे चार पावले जातात न जातात, तोच सिग्नलवरचे आकडे संपतात. दुचाक्यांची पहिली रांग हॉर्न वाजवत सुटते. आजी जिथल्या तिथे थबकतात आणि कुणीतरी हात धरून त्यांना पलीकडे नेते.

अपघात झालेला नसतो. कुठे नोंद होत नाही, बातमी येत नाही. पण त्या दिवसानंतर आजी औषधे मुलाला आणायला सांगतात. मग भाजी घरपोच येऊ लागते. मग देवळात जाणे केवळ गुरुवारपुरते उरते आणि काही महिन्यांनी तेही सुटते. ‘वय झालं आता’ असे घरातले म्हणतात. प्रत्यक्षात वयाआधी रस्त्याने त्यांना घरी बसवलेले असते.

वाढत्या शहरातल्या वाहतुकीची चर्चा बहुतेक वेळा गाडीच्या काचेतून होते. कुठे किती मिनिटे कोंडी झाली, कोणता उड्डाणपूल रखडला, पार्किंगला जागा का नाही. हे प्रश्न खरेच आहेत. पण वैद्यकशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर शहर नीट आखले आहे की नाही हे तपासण्याची आणखी एक साधी कसोटी आहे : सत्तरीतल्या माणसाला कुणाचा हात न धरता समोरच्या बसथांब्यापर्यंत जाता येते का?

चालण्याचा वेग काय सांगतो?

नाडी, रक्तदाब, तापमान यांसारखीच चालण्याची गती हीसुद्धा प्रकृतीची खूण मानली जाते. २०११ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ वर्षांवरील सुमारे ३४ हजार व्यक्तींच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्येष्ठांचा नेहमीचा चालण्याचा वेग आणि त्यांचे पुढचे आयुर्मान यांचा घट्ट संबंध त्यातून दिसला. याचे कारण समजण्यासारखे आहे. चालताना हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि मेंदू या सगळ्यांना एकाच वेळी काम करावे लागते. यातले काहीही कमकुवत झाले, तर पावले मंदावतात.

ही साखळी उलट्या दिशेनेही चालते. चालणे थांबले की स्नायू झिजतात. पायांतली ताकद कमी झाली की तोल जातो, पडण्याची भीती वाटू लागते आणि त्या भीतीने चालणे आणखी कमी होते. मधुमेहात साखर आटोक्यात ठेवायला चालण्याची मदत होते, कारण काम करणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात. रक्तदाब, झोप, मनःस्थिती यांनाही चालण्याचा फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला सांगते. ज्येष्ठांनी त्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सुधारणारे व्यायाम करावेत, असेही सांगते.

डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, ‘रोज अर्धा तास चाला.’ ही चिठ्ठी घेऊन रुग्ण दवाखान्याबाहेर येतो आणि समोर उखडलेला, गाड्यांनी अडवलेला, मध्येच वीजमंडळाचा डीपी उभा असलेला पदपथ पाहतो. औषध लिहून दिले आहे, पण ते मिळणारे दुकानच बंद आहे, अशी ही स्थिती.

सेकंदांचे गणित

रस्ता ओलांडण्याची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे साधारणपणे गृहीत धरले जाते. धडधाकट तरुणासाठी हा वेग काहीच नाही. ज्येष्ठांसाठी मात्र चित्र वेगळे आहे. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या चालण्याची मोजणी करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. म्हणजे सिग्नल ज्या माणसासाठी आखला जातो, तो माणूस बहुतेक ज्येष्ठांपेक्षा भराभर चालतो.

आता हिशेब करून पाहा. रस्ता २४ मीटर रुंद आहे. १.२ मीटरच्या वेगाने तो ओलांडायला २० सेकंद लागतात. ०.८ मीटरच्या वेगाने लागतात ३० सेकंद. सिग्नल २० सेकंदांचा असेल, तर तो संपतो तेव्हा आपल्या आजींनी १६ मीटर अंतर कापलेले असते. उरलेले आठ मीटर, म्हणजे वाहनांच्या साधारण दोन मार्गिका, त्यांना सुटलेल्या वाहनांमधून पार कराव्या लागतात. आणि हे झाले सिग्नल असलेल्या चौकाचे. दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात तेवढीही मुभा नसते.

यावर उपाय म्हणून अनेकदा पादचारी पूल सुचवला जातो. त्याच्याखालून उंच वाहने जावीत म्हणून साधारण साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. पुलाची स्वतःची जाडी धरली, तर १५ सेंटिमीटर उंचीच्या चाळीसएक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. गुडघे धरलेल्या माणसाला, गरोदर स्त्रीला, कडेवर मूल असलेल्या आईला हे कसे जमावे? लिफ्ट बसवली, तरी ती कायम चालू ठेवावी लागते. एरवी पूल वर रिकामा राहतो आणि माणसे खालून जीव मुठीत धरून पळतात. ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

यापेक्षा खूप स्वस्त उपाय आहेत. हिरव्या सिग्नलचे दहा सेकंद वाढवणे हा पहिला. दुभाजकापाशी दोन-तीन माणसे सुरक्षित उभी राहू शकतील एवढी जागा करणे हा दुसरा. मग २४ मीटरचा रस्ता १२-१२ मीटरच्या दोन टप्प्यांत, प्रत्येकी १५ सेकंदांत, दम घेत ओलांडता येतो. झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा पदपथाच्या पातळीला उचलून घेणे हा तिसरा. त्यामुळे माणसाला पायरी उतरावी लागत नाही आणि गाडीला आपोआप वेग कमी करावा लागतो.

वेग वाढला की काय होते?

रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा पाया शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. त्याखेरीज चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते.

कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते, तर ५० च्या वेगाची थांबायला सुमारे २८ मीटर लागतात. १५ मीटरवर एखादे मूल चेंडूमागे रस्त्यात आले, तर पहिली गाडी त्याच्याआधी थांबेल. दुसरी त्याला जवळजवळ पूर्ण वेगाने धडकेल. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात माणसे आणि वाहने एकत्र येतात अशा ठिकाणी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली गेली, ती याच हिशेबातून.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात ३२ हजार ८२५ पादचारी होते. दिवसाला सरासरी नव्वद माणसे. यातली बहुतेक कुठेतरी साधी कामे करायलाच निघालेली असणार : दूध आणायला, शाळेत, कामावर.

रस्ता रुंद झाला, तरी कोंडी का?

पुण्याचे पसरणे गेल्या काही वर्षांत थक्क करणारे आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली लोकसंख्या ३१ लाखांच्या घरात होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. घरे आधी उभी राहिली. रस्ते, पदपथ आणि बस मागाहून. अशा वेळी रस्ता रुंद करा, पूल बांधा, ही मागणी अगदी स्वाभाविक वाटते. रोज दीड तास कोंडीत काढणाऱ्याला दुसरे काय सुचणार? रुग्णवाहिका अडकलेली पाहणाऱ्यालाही तेच सुचते.

पण जगभरच्या शहरांचा अनुभव वेगळे सांगतो. रस्ता मोकळा झाला की आधी बसने जाणारा गाडी काढतो, आधी सकाळी लवकर निघणारा उशिरा निघतो, आधी दूर वाटणाऱ्या ठिकाणी घर घेणे परवडते. थोड्याच काळात नवी जागा नव्या गाड्यांनी भरून जाते. अमेरिकेतील महानगरांचा अभ्यास करून गिल्स दुरांतोन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की महामार्गांची लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढते, जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी त्यांवरून होणारा वाहनप्रवासही वाढतो. घरातले कपाट मोठे केले की कपडे वाढतात, तसेच हे.

पुणेकरांना यासाठी परदेशात पाहायची गरज नाही. विद्यापीठ चौकातली कोंडी फोडण्यासाठी बांधलेला उड्डाणपूल सुमारे दीड दशकातच, २०२० मध्ये, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडावा लागला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी उडवला गेला. वर्षभराच्या आत नवे पूल आणि रस्ते खुले झाले आणि वाहनांची सोय झाली. त्यानंतर नागरिकांची पहिली तक्रार काय होती? एवढ्या पसाऱ्यात पायी पलीकडे जायचे कुठून!

रस्ता रुंद होतो तेव्हा तो ओलांडायचे अंतरही वाढते. वाहनांचा वेग वाढतो. रुंदीकरणात झाडे जातात आणि पदपथ आक्रसतो. म्हणजे गाडीतल्या माणसाला काही महिन्यांचा दिलासा आणि पायी माणसाला कायमची अडचण. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याला नागरिकांनी केलेल्या विरोधामागेही, झाडे आणि भूजलाच्या काळजीबरोबर हाच प्रश्न आहे. शहरातल्या हजारो माणसांची सकाळची फिरण्याची जागा देऊन जी वाट मिळणार, ती किती दिवस मोकळी राहील?

ड्रायव्हर आणि कंडक्टरची गोष्ट

वाहतूक आणि आरोग्य यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो बसमध्ये. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच बसमध्ये, एकाच रस्त्यावर काम करणारे दोघे. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांमध्ये कमी आढळले. शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांवरच्या पुढच्या संशोधनाची ही सुरुवात होती.

हीच गोष्ट आज प्रवाशांना लागू पडते. बस किंवा मेट्रोने जाणारा माणूस थांब्यापर्यंत चालतो, उतरून पुन्हा चालतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वापरणाऱ्यांचे केवळ थांब्यापर्यंत जाण्या-येण्यातले रोजचे चालणे मध्यमानाने १९ मिनिटे भरले. आठवड्यात सात दिवस एवढे चालणारा माणूस वेगळा वेळ न काढता १३३ मिनिटांपर्यंत पोहोचतो. ना व्यायामशाळेची वर्गणी, ना पहाटेचा गजर.

पुण्यात पीएमपी २००७ पासून दोन्ही शहरांना जोडते आहे. मार्च २०२२ पासून मेट्रोही धावू लागली. पण मेट्रो स्थानकातून सरकत्या जिन्याने खाली आलेला प्रवासी पुढे कुठे पाऊल ठेवतो, यावर तो उद्या पुन्हा मेट्रोने येणार की दुचाकी काढणार हे ठरते. स्थानकावर कोट्यवधी रुपये खर्च होतात, आणि त्याच्या दारातला शंभर मीटरचा पदपथ तसाच उखडलेला राहतो. बसथांब्यावर सावली नाही, बस कधी येईल ते ठाऊक नाही, आणि थांब्यासमोर रिक्षा उभ्या असल्याने बस रस्त्याच्या मधोमध थांबते. मग गुडघेदुखीचा माणूस उंच पायरीवर चढणार कसा?

मोजमापात न येणारे नुकसान

रस्त्यामुळे आणखी एक गोष्ट हरवते : शेजार. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच गल्ल्यांचा अभ्यास केला. फरक होता तो वाहनांच्या संख्येचा. कमी रहदारीच्या गल्लीत राहणाऱ्यांचे त्याच गल्लीत सरासरी तीन मित्र होते. दिवसाला सुमारे १६ हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावर हा आकडा एकाच्याही खाली होता. पेठांमधल्या वाड्यांच्या ओट्यावर बसणारी पिढी हे आकड्यांशिवायही सांगू शकेल. एकटेपणा म्हातारपणी प्रकृतीवर परिणाम करतो, हे आता डॉक्टरही मान्य करतात.

आवाजाचेही तसेच. नियमानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्रात ती आणखी पाचने कमी. रात्रीच्या आवाजाने झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेचा रक्तदाबाशी संबंध आहे. वाहनांच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांतून रक्तापर्यंत पोहोचू शकतात. रस्त्याच्या कडेला चालणारा माणूस हा धूर सर्वांत जवळून घेतो, आणि तो निर्माण करण्यात त्याचा वाटा सर्वांत कमी असतो.

करता येते, हे दिसले आहे

या शहराला काय करायचे ते माहीत नाही, असे नाही. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले. बसायला बाकडी आली, आणि संध्याकाळी तिथे आजोबा-नातवंडे दिसू लागली. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा होऊ लागला. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगते आहे की रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करावा.

वर्षातल्या एका दिवशी एका रस्त्यावर जे जमते, ते उरलेल्या ३६४ दिवसांत घराजवळच्या रस्त्यावर का नाही, एवढाच नागरिकांचा प्रश्न आहे.

तुम्ही काय मोजाल?

‘पदपथ खराब आहे’ या तक्रारीचे उत्तर सहसा ‘पाहतो’ असे मिळते. आकडा असलेली तक्रार टाळणे अवघड जाते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मोबाइलवरचे घड्याळ आणि मोजपट्टी पुरेशी आहे.

पहिले मोजमाप घरात. जमिनीवर चार मीटर अंतरावर दोन खुणा करा. खुणेच्या आधी दोन पावलांवरून घरातल्या ज्येष्ठांना नेहमीच्या गतीने चालायला सांगा आणि दोन खुणांमधले सेकंद मोजा. सोबत कुणीतरी जवळ असू द्या. चार मीटरला पाच सेकंद लागले, तर वेग ०.८ मीटर. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर घाबरायचे कारण नाही. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगा. पायांची ताकद आणि तोल वाढवणारे व्यायाम कोणत्याही वयात सुरू करता येतात.

दुसरे मोजमाप चौकात. पादचाऱ्यांचा हिरवा सिग्नल किती सेकंद राहतो? रस्त्याची रुंदी किती? रुंदीला ०.८ ने भागा. उत्तर सिग्नलच्या वेळेपेक्षा जास्त आले, तर तो चौक ज्येष्ठांसाठी असुरक्षित आहे. दुभाजकापाशी थांबायला जागा आहे का, तेही पाहा.

तिसरे, घर ते बसथांबा. मोकळा पदपथ किमान १.८ मीटर रुंद असावा आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे भारतीय मानके सांगतात. किती ठिकाणी खाली उतरावे लागते आणि का, ते लिहून ठेवा. वाहन उभे, विजेची पेटी, राडारोडा, फांद्या, जे असेल ते.

हे तीन आकडे एका कागदावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत द्या. सोसायटीतल्या दहा ज्येष्ठांच्या सह्या घ्या. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते, तेव्हा हेच काम सुचवा. दहा सेकंद वाढवायला भूसंपादन लागत नाही, झाड तोडावे लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही.

त्या दहा सेकंदांत आजी पलीकडच्या पदपथावर पोहोचतात. औषधे स्वतः आणतात, येताना ओळखीच्या बाईंशी दोन शब्द बोलतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडतात.